सूर धरणारा

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाला देवी होती, देवीला देऊळ होते आणि देवळाच्या दरवाजावर नगारखाना होता. तिथे रोज सकाळ-संध्याकाळ सनई वाजे. सकाळची सनई ऐकून बायका चूल पेटवीत आणि संध्याकाळची ऐकून माणसे शेतातून घराकडे वळत.

ही सनई एक वाजंत्री वाजवी. वय झालेला, ताठ कण्याचा, कमी बोलणारा माणूस. गाव त्याला तात्या म्हणे.

सनई एकट्याने वाजत नाही, हे मुलांनी आधी समजून घ्यावे. दोन माणसे लागतात. एक गाणे वाजवतो. दुसरा त्याच्या डाव्या हाताला बसतो आणि दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून ठेवतो. त्याने बोटे नाचवायची नाहीत. नाकाने श्वास घ्यायचा, गालात वारा साठवायचा आणि गाणे संपेपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही. त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो वाजवतो आहे हेही कित्येकांना कळत नाही. पण तो सूर म्हणजे गाण्याच्या पायाखालची जमीन. जमीन नसेल तर नाचणारा नाचेल कुठे?

तात्याचा सूर एक तरुण धरीत असे. तो लहान असताना त्याचा बाप वारला, तेव्हा आईने त्याला तात्याच्या पुढ्यात आणून बसवले होते. "याला शिकवा. मार लागला तर मारा. पण शिकवा," असे ती म्हणाली होती. तात्याला मूलबाळ नव्हते. त्याने पोराला शिकवले. फार मारलेही नाही. पोर मोठे झाले, तात्याच्या डावीकडे बसू लागले, आणि इतक्या वर्षांत त्याने धरलेला सूर एकदाही हलला नाही.

एका पावसाळ्यात तात्याचे पुढचे दात पडले.

सनईवाल्याचे दात पडणे म्हणजे सुताराचा अंगठा जाण्यासारखे. बोटे पूर्वीसारखीच चालत. पण ओठांना मागून आधार राहिला नाही. गाण्यातली जलद जागा आली की वारा फुस्सकन सुटे. लोक काही बोलले नाहीत. गाव चांगले होते. पण नवरात्र जवळ आले तसा पाटील स्वतः तात्याच्या ओट्यावर येऊन बसला.

"तात्या, दात काय म्हणतात?"

"गेले ते काय म्हणणार?"

पाटील हसला. मग त्याने घसा साफ केला. "यंदा नवरात्रात गाणं पोराला वाजवू द्या. तुम्ही सूर धरा. सरळ सूर धरायला दात लागत नाहीत. आणि ही गावाची रीतच आहे. तुमच्या गुरुजींनी नाही का शेवटी तुमचा सूर धरला?"

"रीत मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? धरीन."

आतून तात्याची बायको गूळपाणी घेऊन आली. तिला बरे वाटले. नवरा भांडेल असे तिला वाटले होते.

घटस्थापना झाली. पहिल्या संध्याकाळी देवळापुढे सारे गाव जमले. तरुण उजवीकडे बसला, तात्या डावीकडे. बसण्याआधी तरुणाने तात्याच्या पायांना हात लावला आणि हळूच म्हणाला, "तात्या, हात थरथरतायत."

"थरथरू देत. तोंड थरथरू देऊ नकोस."

तात्याने सूर धरला. तरुणाने सनई तोंडाला लावली.

तात्याने जन्मभर सनई वाजवली होती, पण गुरुजींचा सूर धरण्याचे दिवस सरल्यापासून शेजारी बसून ऐकली नव्हती. वाजवणाऱ्याला स्वतःचे वाजवणे पुरते ऐकू येत नाही. त्याचे लक्ष बोटांत असते, श्वासात असते, पुढच्या जागेत असते. त्या दिवशी तात्याला करायचे काहीच नव्हते. सूर धरायचा आणि ऐकायचे. तरुणाची सनई त्या सुरावरून उठली, डोंगराकडे गेली, वळली आणि पुन्हा सुरावर येऊन अलगद बसली. तात्याचा गळा दाटून आला. सूर तुटतो की काय असे त्याला वाटले.

गाणे संपले. मग खाली बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बाई बाई! सनई अशी असते होय! मग इतकी वर्षं आम्ही काय ऐकत होतो?"

लोक हसले. म्हातारी भोळी होती. तिला कोणाला टोचायचे नव्हते. पण काट्याच्या मनात नसले तरी काटा रुततोच.

घरी आल्यावर तात्याने ताट पुढे ढकलले.

"का हो? भाकरी कडू झाली का?" बायकोने विचारले.

"भूक नाही."

"सूर धरून पोट भरलं वाटतं."

तात्या तोंड फिरवून निजला.

दुसऱ्या दिवशी तो पाणवठ्यावरून जात होता. बायका तरुणाचेच बोलत होत्या. चावडीवर गेला तर तिथेही तेच. दोन लहान पोरे भोपळ्याच्या देठाची पिपाणी करून वाजवीत होती. एक म्हणाला, "मी गाणं वाजवणारा दादा होणार. तू तात्या हो."

"मी नाही तात्या होणार! तात्याला नुसतंच ऊंऽऽ करायचं असतं!"

तात्या माघारी वळला. वाटेत त्याने मनाशी हिशेब मांडला. पोराला फुंकायला शिकवले मी. बोट कुठे ठेवायचे ते दाखवले मी. हिवाळ्यात स्वतःची घोंगडी पांघरायला दिली मी. आणि आता नाव त्याचे.

तिसऱ्या संध्याकाळी त्याने ते केले.

करायला फार काही लागत नाही. सूर धरताना ओठ किंचित आवळले की सूर किंचित चढतो. केसाएवढा. ऐकणाऱ्याला वाटते, सूर जागेवरच आहे आणि गाणे खाली घसरले आहे. जमीन हलली असे कोणी म्हणत नाही. चालणारा अडखळला असेच सगळे म्हणतात.

तरुण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर झेप घेत होता, नेमके तेव्हा तात्याने ओठ आवळले. तरुण बेसूर झाला. त्याने सावरले. तात्याने ओठ सैल केले. तरुण पुन्हा बेसूर झाला. त्याच्या कपाळावर घाम आला. लोकांत चुळबुळ झाली.

"पोर अजून कच्चं आहे," कोणी तरी म्हणाले.

"तात्या ते तात्याच!" दुसरा म्हणाला.

ते ऐकून तात्याला गार वाटले. त्या रात्री तो पोटभर जेवला. पण सकाळी उठला तेव्हा ते गारपण गेले होते आणि घशाशी काही तरी आंबट आले होते. त्याने ते चुना-तंबाखूवर ढकलले.

चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. एकदा खाली पाय घातला की प्रत्येक पुढची पायरी सोपी वाटते.

तात्याचा सूर चुकला असेल, असे तरुणाच्या मनातही आले नाही. सूर्य पश्चिमेला उगवेल, पण तात्यांचा सूर हलणार नाही, अशी त्याची समजूत. तो ओढ्याकाठी जाऊन दुपारभर वाजवत बसे. एकटा असताना सगळे बरोबर येई. देवळापुढे बसला की बिघडे. शेवटी तो तात्याकडे आला.

"तात्या, माझं कुठं चुकतंय?"

तात्याने त्याच्याकडे बघितले नाही. समोरच्या भिंतीकडे बघून तो म्हणाला, "फुंक कमी पडते तुझी. वाढव."

"बरं," म्हणून तरुण गेला. एक प्रश्नही विचारला नाही.

सूर चढवणे हे वाईट होते. पण हे त्याहून वाईट झाले. त्याने विश्वासाने विचारले आणि तात्याने त्याला उलटी वाट दाखवली. तरुण जोरात फुंकू लागला. सनई किंचाळू लागली. लहान मुले कानांवर हात ठेवू लागली.

सहाव्या दिवशी तरुणाची आई तात्याच्या घरी आली. तिच्या पदरात परसातली कोवळी घोसाळी होती. तिने ती तात्याच्या बायकोपुढे ठेवली आणि दाराशीच बसली.

"तात्या, पोराकडून चुका होतायत. मला कळतंय. लोक काय बोलतात तेही कानावर येतं. पण तुम्ही शेजारी बसलाय म्हणून एवढी तरी लाज राहिली. तुमचे उपकार आहेत."

तात्या म्हणाला, "हं."

त्या दिवशी घोसाळ्याची भाजी झाली. तात्याने एक घास घेतला. तो गिळला जाईना. बायको बघत होती.

आठव्या दिवशी पाटलाने देवळात सर्वांसमोर सांगितले, "दसऱ्याला देवीची पालखी निघते. पंचक्रोशीतली माणसं येतात. असली सनई चालायची नाही. मी घाटाखालच्या गावच्या वाजंत्र्याला निरोप धाडला आहे. दसऱ्याला तो वाजवील. आणि ज्याच्या सनईवर पालखी निघते, त्याच्या डोक्यावर देवीचा फेटा. फेटा ज्याचा, नगारखाना त्याचा. रीत आहे."

म्हणजे पोराची जागा गेली. एका वर्षापुरती नव्हे, कायमची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तरुण तात्याच्या घरी आला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली सनई होती. ती त्याने तात्यापुढे ठेवली. त्याचे ओठ फाटले होते. त्यांना लोणी लावलेले होते.

"हे काय?" तात्याने विचारले.

"तुमची सनई. नवरात्रासाठी दिली होती ती. परत आणलीय."

"आणि ओठांना काय झालं?"

"तुम्ही म्हणालात फुंक वाढव. वाढवली." तरुण जरा हसला, पण ओठ दुखले म्हणून थांबला. "माझ्या अंगात नाही ते, तात्या. मला वाटलं होतं, आहे. दसरा झाला की मी मामाच्या गावी जातो. मेंढरं आहेत त्यांची. तुम्ही एवढी वर्षं खपलात माझ्यामागे. तुमचं नाव घालवलं मी. तेवढं मनात धरू नका."

त्याने तात्याच्या पायांवर डोके ठेवले आणि तो निघून गेला.

तात्या सनईकडे बघत बसला. आतून बायकोचा आवाज आला. ती पीठ मळीत होती.

"तुमचा सूर चढतो हल्ली."

"तुला काय कळतं सुरातलं?"

"मला तुमच्या घोरण्याचासुद्धा सूर कळतो. जन्म गेला ऐकण्यात."

"दात पडले. होतं असं."

"दात पडले की वारा सुटतो. वारा सुटला की सूर उतरतो." ती पीठ मळायची थांबली. "तुमचा चढतो."

तात्या उठला, पायांत वहाणा घातल्या आणि तळ्याकडे गेला. तिथे दुपारचे कोणी नसते. तो काठावरच्या दगडावर बसला आणि त्याने मनाशी झगडा सुरू केला.

पहिल्यांदा तो म्हणाला, पोराला गर्व झाला होता. त्याला जरा खाली आणायला हवे होते. मग त्याने आठवून बघितले. गर्व कधी दिसला? हात थरथरतायत म्हणाला तेव्हा? पायांना हात लावला तेव्हा? तात्याला गर्व सापडला नाही. हे खोटे निघाले.

मग तो म्हणाला, लोक कृतघ्न आहेत. मला विसरले. मग त्याने विचार केला, लोकांचा राग पोरावर का काढला? पोर लोक नव्हे. आणि लोक विसरले तरी कुठे? वाटेत भेटणारा प्रत्येक जण अजून रामराम करतो. हेही खोटे निघाले.

मग तो म्हणाला, मी शिकवले, नाव माझे व्हायला हवे. मग त्याच्या लक्षात आले की पोर चुकले तेव्हा त्याला गार वाटले होते. शिकवणाऱ्याला शिष्य चुकल्यावर गार वाटते का? ज्याने झाड लावले त्याला झाड वाळल्यावर बरे वाटते का?

आता कारणे संपली. तात्या उघडा पडला. तळ्याकाठी दुसरे कोणी नव्हते, म्हणून त्याला स्वतःशी खरे बोलता आले. तो मोठ्याने म्हणाला, "मी जळलो. एवढंच. बाकी सगळं मागून शिवलेलं."

हे बोलल्यावर त्याला मोकळे वाटले. आणि मग त्याला पहिली संध्याकाळ आठवली. म्हातारी बोलायच्या आधीची. तेव्हा त्याचा गळा दाटून आला होता. तो दुःखाने नव्हता दाटला. पोराची सनई डोंगराकडे गेली तेव्हा तात्याला आनंद झाला होता. इतका आनंद स्वतः वाजवताना त्याला कधी झाला नव्हता. तो आनंद कोणी दिला नव्हता, शिकवला नव्हता. आपोआप आला होता. मग लोक बोलले, आणि तात्याने तो आनंद स्वतःच्या हाताने पुसून टाकला. पोराचे नुकसान झालेच. पण सगळ्यांच्या आधी त्याने स्वतःचेच ताट ओढून घेतले होते. गावात सर्वांत जवळून ती सनई ऐकायला मिळत होती त्याला, आणि ओठ आवळण्याच्या नादात तिसऱ्या संध्याकाळपासून त्याने ती ऐकलीच नव्हती.

तात्या उठला. घरी जाऊन त्याने दोन्ही सनया घेतल्या आणि तो तरुणाच्या घरी गेला.

तरुण गाठोडे बांधीत होता. आई कोपऱ्यात बसली होती. तात्या दारातच उभा राहिला.

"गाठोडं सोड. तुझं काही चुकलं नाही. सूर मी चढवत होतो."

तरुण मान हलवून म्हणाला, "तात्या, माझं मन राखायला तुम्ही खोटं बोलताय. नका बोलू. मला वाईट वाटलंय, पण एवढं नाही."

तात्याने कपाळाला हात लावला. कबुली द्यायला किती बळ लागले होते! आणि पोर ती घेईना.

"सनई काढ," तात्या म्हणाला. "बस इथं. वाज. ओठ दुखतील, थोडं सोस. फुंक पहिल्यासारखी ठेव."

अंगणात दोघे बसले. तात्याने सूर धरला, सरळ. तरुणाने हळू वाजवले. गाणे सुरावर नीट बसले. तरुणाचे डोळे मोठे झाले. मग तात्याने ओठ आवळले. गाणे घसरले. त्याने सैल केले. गाणे डगमगले. त्याने सूर पुन्हा जागेवर आणला. गाणे जागेवर आले.

तरुणाने सनई खाली ठेवली. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"का?" त्याने विचारले.

"तू चांगला वाजवतोस म्हणून."

याहून दुसरे खरे उत्तर नव्हते. मग दारात येऊन तरुणाची आई म्हणाली, "तात्या, घोसाळी गोड होती का?"

तात्याने मान खाली घातली. "घास गिळला नाही, वहिनी."

"बरं झालं नाही गिळला ते," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

तात्या उठला. "उद्या गावापुढं सांगतो. तू वाजवायचं की नाही, ते तू ठरव. मी सांगणार नाही. मी सांगितलेलं तू बरंच ऐकलंस."

दसऱ्याच्या सकाळी देवळापुढे पालखी सजली. घाटाखालचा वाजंत्री येऊन बसला होता. पोट सुटलेला, हसऱ्या तोंडाचा गृहस्थ. पाटील त्याला पान देत होता. तेवढ्यात तात्या पालखीपुढे आला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "थांबा. पोर बेसूर नव्हतं. सूर धरणारा बेइमान होता. मी ओठ आवळून सूर चढवला. रोज. मला त्याचं कौतुक बघवलं नाही. पाटील, जागा त्याची आहे. त्याची त्याला द्या. मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

देवळापुढे इतकी शांतता झाली की पालखीच्या गोंड्याची घुंगरे वाजलेली ऐकू आली. पाटलाचा चेहरा लाल झाला.

"तात्या! देवीच्या दारात?"

"देवीच्या दारात."

"या वयात?"

"वयाचा काय संबंध? तरुणपणी तोंडात दात होते, गरज पडली नाही."

कोणी तरी हसले. पाटलाने डोळे वटारले तसे गप्प झाले. घाटाखालचा वाजंत्री पान चघळत म्हणाला, "पाटील, मला आमच्या गावचा नगारखाना आहे. दुसऱ्याचं ताट ओढून जेवायची सवय नाही आपल्याला. पोर वाजवू दे. मी ऐकायला थांबतो. पुरणपोळी आहे ना पण?"

"पोळी आहे," पाटील म्हणाला. "पण सूर कोण धरणार? यांच्यावर आता भरवसा कोण ठेवील?"

"मी धरतो की," पाहुणा म्हणाला.

सगळ्यांनी तरुणाकडे बघितले. तो आईशेजारी उभा होता. त्याच्या ओठांवर लोण्याची चकाकी होती. डोळे सुजलेले होते. रात्री त्याला झोप लागली नव्हती हे उघड दिसत होते. तो पुढे आला आणि उजव्या बाजूच्या बैठकीवर बसला. मग म्हणाला, "तात्या धरतील."

"आणि पुन्हा सूर चढवला तर?" पाटलाने विचारले.

"आता मला कळेल," तरुण म्हणाला. "तेव्हा मी थांबेन. आणि परत कधी त्यांच्या शेजारी बसणार नाही." मग तात्याकडे न बघता तो म्हणाला, "बसा, तात्या. उशीर होतोय पालखीला."

तात्या डावीकडे बसला. त्याने सनई तोंडाला लावली. त्याला शिक्षा झाली असती तर सोपे गेले असते. पोराने जागा दिली, हे जड होते. त्याने डोळे मिटले, गालात वारा भरला आणि सूर धरला.

तरुणाने सुरुवात जपून केली. फाटलेल्या ओठांनी जोर करता येत नव्हता, म्हणून त्याने जोर केलाच नाही. गाणे हळू उठले. एक पाऊल टाकून बघावे, जमीन पक्की आहे ना, आणि मग दुसरे टाकावे, तसे तो वाजवीत गेला. पहिली झेप आली. तरुणाने किंचित अंग चोरले. सूर जागेवर होता. दुसरी झेप आली. सूर जागेवर होता. तिसऱ्या झेपेला तरुणाने अंग चोरलेच नाही. सनई देवळाच्या शिखरावरून गेली, डोंगराला लागली आणि साऱ्या माळावर पसरली.

पालखी उचलली गेली. माणसे चालू लागली. सीमेवर सोने लुटेपर्यंत गाणे चालू होते. तात्या तरुणाच्या डावीकडून चालत होता आणि सूर धरून होता. आता त्याला ओठांकडे लक्ष द्यावे लागत नव्हते. तो फक्त ऐकत होता. एखादी जागा पोराने अशी घेतली की तात्याने ती जन्मात घेतली नव्हती. तेव्हा तात्याच्या मनात आले, 'अरे, हे असंही होतं की!' आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. हात सनईवर होते, त्यामुळे पुसता आले नाही. त्याने पुसायचा विचारही केला नाही.

सीमेवर गाणे संपले. पाटलाने देवीचा फेटा तरुणाच्या डोक्यावर बांधला. लोकांनी "उदे गं अंबे उदे" असा गजर केला. चार धटिंगणांनी तरुणाला खांद्यावर घेतले आणि नाचायला सुरुवात केली. त्याची आई रडत होती, हसत होती आणि येईल त्याच्या हातात आपट्याची पाने देत होती. पाहुणा वाजंत्री दोन्ही हात वर करून ओरडत होता, "अरे, सांभाळून! सनईवाला आहे तो, गव्हाचं पोतं नव्हे!"

तात्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. तो आंब्याच्या झाडाखाली उभा होता आणि त्याची सनई अजून तोंडाला होती. गाणे केव्हाच संपले होते. त्याने सूर सोडला नव्हता. त्या एका सरळ सुरावर गजर चढत होता आणि माणसे नाचत होती, आणि पाय कशावर पडतायत ते कोणाला ठाऊक नव्हते.

त्याची बायको गर्दीतून वाट काढीत त्याच्याजवळ आली.

"अहो, संपलं की गाणं. थांबा आता. दम लागेल."

तात्याने क्षणभर सनई तोंडापासून काढली.

"पोर खांद्यावरून खाली उतरू दे," तो म्हणाला. "मग थांबतो."

आणि त्याने पुन्हा सूर धरला.

तात्पर्य लक्षात ठेवायचे ते एवढेच: दुसऱ्याचे चांगले बघून पहिल्या क्षणी जो आनंद होतो तो आपला खरा असतो; त्याच्यामागून जी जळजळ येते तिला दारात उभी करून खरे कारण विचारावे, आणि खोटी कारणे संपेपर्यंत तिला सोडू नये.